संघराज्य कुणाचे? पुण्यातील एका भाषणापासून संविधानापर्यंत

२९ जानेवारी १९३९, रविवार. काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी त्या दिवशी देशभरातले प्रतिनिधी मत देत होते. सुभाषचंद्र बोस दुसऱ्यांदा उभे होते. त्यांच्यासमोर होते पट्टाभी सीतारामय्या, आणि पट्टाभींच्या पाठीशी गांधीजी. काँग्रेसमधली वडीलधारी मंडळी फेडरेशनच्या प्रश्नावर इंग्रजांशी तडजोड करायच्या बेतात आहेत, असा सुभाषबाबूंचा आरोप होता. वडीलधाऱ्यांनी तो साफ नाकारला. मतमोजणीत सुभाषबाबू दोनशेहून अधिक मतांनी निवडून आले आणि काँग्रेस दुभंगण्याच्या वाटेला लागली.

त्याच दिवशी पुण्यात, गोखले हॉलमध्ये, त्याच विषयावर एक इंग्रजी भाषण झाले. गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेचा तो वार्षिक समारंभ होता. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली ही संस्था उभी राहिली होती आणि काळे यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी व्याख्यान होत असे. त्या वर्षीचे वक्ते होते मुंबई विधानसभेतले स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विषय त्यांनीच निवडला होता: फेडरेशन विरुद्ध स्वातंत्र्य. पुढे दहा वर्षांनी ज्यांच्या हातून भारताचे संविधान मसुद्याच्या रूपात देशापुढे आले, त्यांनी संघराज्य कसे नसावे याची तपशीलवार उलटतपासणी त्या दिवशी पुणेकरांसमोर मांडली. भारताची आजची राज्यव्यवस्था अशी का आहे, हे समजून घ्यायचे असेल तर ती उलटतपासणी नीट वाचावी लागते.

फेडरेशन म्हणजे काय होते?

१९३० च्या नोव्हेंबरात लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. तेज बहादूर सप्रूंनी अखिल भारतीय संघराज्याची कल्पना मांडली आणि बिकानेरच्या महाराजांसह अनेक संस्थानिकांनी तिला अनपेक्षितपणे होकार दिला. तोपर्यंत संस्थानिक ब्रिटिश हिंदुस्थानच्या राजकारणापासून अंतर राखून होते. ते एका घटनेत यायला तयार आहेत म्हटल्यावर नेमस्तांना आनंद झाला, कारण हिंदुस्थान प्रथमच एका छपराखाली येणार होता. इंग्रज राज्यकर्त्यांनाही आनंद झाला, पण त्याचे कारण निराळे होते. राजांनी नेमलेले सभासद केंद्रीय कायदेमंडळात बसले तर लोकनियुक्त सभासदांना वेसण बसणार होती.

या कल्पनेला १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याने रूप दिले. त्याचे दोन भाग होते. एक अकरा प्रांतांच्या स्वायत्ततेचा. तो १९३७ साली अमलात आला, निवडणुका झाल्या, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. दुसरा भाग केंद्रातल्या फेडरेशनचा. तो मात्र संस्थानिकांच्या सह्यांवर अवलंबून होता. संस्थानी मुलखाच्या निम्म्या लोकसंख्येचे राजे सामीलनाम्यावर सह्या करतील, आणि वरिष्ठ सभागृहातल्या संस्थानांच्या १०४ जागांपैकी किमान ५२ जागा त्यांच्यातून भरतील, तेव्हाच फेडरेशन अस्तित्वात येणार होते. प्रांतांना मात्र विचारायचेच नव्हते. ते आपोआप आत येणार होते. जानेवारी १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याकडून सामीलनाम्याचे सुधारित मसुदे संस्थानिकांकडे रवाना होत होते. म्हणून हा प्रश्न त्या महिन्यात इतका तापला होता.

कनिष्ठ सभागृहात ३७५ जागा होत्या. त्यातल्या १२५, म्हणजे एक तृतीयांश, संस्थानांच्या. वरिष्ठ सभागृहात २६० पैकी १०४, म्हणजे पाचात दोन. संस्थानांची लोकसंख्या देशाच्या चतुर्थांशाहूनही कमी होती. त्यांना वाटा मिळाला होता त्याहून कितीतरी मोठा, आणि त्या वाट्याचे मालक होते राजे. संरक्षण आणि परराष्ट्र संबंध गव्हर्नर जनरलच्या खास अखत्यारीत ठेवले होते; मंत्र्यांनी त्यात लक्ष घालायचे नव्हते. विषयांच्या कोणत्याही यादीत न बसणारे उरलेसुरले अधिकार, म्हणजे शेषाधिकारही कुणाच्या पदरात टाकायचे, ते गव्हर्नर जनरलनेच ठरवायचे होते.

पुण्याच्या उंबरठ्यावरची संस्थाने

पुण्यात बसून संस्थानांचा विचार करणे ही पुस्तकी गोष्ट नव्हती. शहरातून दक्षिणेकडे निघाले की भोरच्या पंतसचिवांची हद्द लागे. पुढे फलटण, औंध, मग सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी. पेशवाईतले सरदार आणि इनामदार इंग्रजी अमलात संस्थानिक झाले होते. त्यांच्या मुलखातली मुले शिकायला पुण्यात येत, वकील पुण्यात वकिली करत, नातीगोती दोन्हीकडे असत. पण रेघ ओलांडली की कायदा बदले आणि नागरिकाचा हक्क राजाच्या मर्जीवर येऊन ठेपे.

या भागातून संस्थानी प्रजेची चळवळ उभी राहिली. सांगलीचे गणेश रघुनाथ अभ्यंकर यांच्यासारख्या वकिलांनी संस्थानांच्या प्रश्नाचा अभ्यास करून पुण्यातून लिखाण केले. भारत सेवक समाजाच्या ‘सर्व्हंट ऑफ इंडिया’ या साप्ताहिकाचे संपादक श्रीधर गणेश वझे यांनी संस्थानी प्रजेची बाजू वर्षानुवर्षे चिकाटीने मांडली. १९२७ साली मुंबईत अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषद भरली, तिच्यामागे या दक्षिणी कार्यकर्त्यांचे बळ होते.

उलट दिशेनेही एक पाऊल पडले. साताऱ्याजवळच्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करायचे ठरवले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन यांनी गांधीजींशी सल्लामसलत करून ७२ गावांच्या या संस्थानासाठी घटना तयार केली. ग्रामपंचायतींच्या पायावर उभी असलेली ही घटना जानेवारी १९३९ मध्ये लागू झाली. आंबेडकर पुण्यात बोलले त्याच महिन्यात. एक छोटा राजा स्वेच्छेने करू शकत होता ते बडोदा, हैदराबाद, काश्मीर यांना कुणी करायला लावणार होते का? १९३५ चा कायदा या प्रश्नावर गप्प होता. संस्थानाच्या आत लोकशाही असो वा नसो, राजाला संघराज्यात जागा मिळणारच होती.

आंबेडकरांची उलटतपासणी

आंबेडकरांनी सुरुवातीलाच आपली भूमिका स्पष्ट केली. संघराज्य या कल्पनेलाच त्यांचा विरोध होता असे नाही. मनातून त्यांचा ओढा एकात्म राज्यपद्धतीकडे होता आणि हिंदुस्थानला तिचीच गरज आहे असे त्यांना वाटे. पण प्रांतांना स्वायत्तता द्यायची तर संघराज्य अटळ आहे, हेही ते मान्य करत होते. त्यांचा कडाडून विरोध होता तो समोर ठेवलेल्या योजनेला. मग बॅरिस्टरने दस्तऐवज वाचावा तसे ते कलमांमागून कलमे उलगडत गेले.

पहिला मुद्दा नागरिकत्वाचा. संघराज्य म्हणजे अनेक राज्यांतून घडलेले एक राष्ट्र. त्यात प्रत्येक माणूस एका सामाईक राज्यसंस्थेचा नागरिक असायला हवा. या योजनेत तसे काही नव्हते. ब्रिटिश हिंदुस्थानचा माणूस संस्थानात परका आणि संस्थानचा माणूस ब्रिटिश हिंदुस्थानात परका, हे जुने अंतर फेडरेशननंतरही कायम राहणार होते. प्रांत आणि संस्थाने एका सभागृहात येणार होती, पण त्यांतली माणसे एकमेकांशी जोडली जाणार नव्हती.

दुसरा मुद्दा प्रतिनिधित्वाचा. प्रांतांचे सभासद कुठल्या ना कुठल्या मार्गाने लोकांकडून निवडून येणार, संस्थानांचे सभासद मात्र राजा नेमणार. संस्थानांचे प्रतिनिधी लोकांनी निवडले पाहिजेत, हा आग्रह आंबेडकरांनी लंडनला १९३१ सालीच धरला होता आणि तिथे त्यांना फारशी साथ मिळाली नव्हती. पुण्यात त्यांनी त्यातले वैगुण्य आणखी उघड केले. संस्थानचा सभासद ब्रिटिश हिंदुस्थानच्या कारभारावर बोलू शकेल, मत देईल, मंत्रीही होईल. पण संस्थानात प्रजेवर काय चालले आहे हे ब्रिटिश हिंदुस्थानच्या सभासदाला विचारता येणार नाही. कायद्यानेच तशी चर्चा रोखली होती.

तिसरा मुद्दा सगळ्यात खोल होता: या घटनेला वाढता येणार नाही. प्रांतांच्या घटनेत पुढे बदल होऊ शकतील, पण फेडरेशनची मुख्य कलमे संस्थानिकांच्या सामीलनाम्यांशी बांधलेली होती. त्यांना हात लावला तर राजांना बाहेर पडायची मोकळीक. म्हणजे केंद्रात जबाबदार राज्यपद्धती आणायची, संरक्षण खाते लोकप्रतिनिधींच्या हाती द्यायचे, वसाहतीचे स्वराज्य मिळवायचे, यातल्या कुठल्याही वाटेवर राजे आडवे उभे राहू शकत होते. वसाहतीचे स्वराज्य हे शब्दही कायद्यात नव्हते. आज थोडे कमी घेऊ, उद्या वाढवू, असे म्हणणाऱ्या नेमस्तांना आंबेडकर सांगत होते की या पायरीवर पाऊल ठेवले तर पुढची पायरीच राहत नाही. व्याख्यानाच्या नावातला ‘विरुद्ध’ हा शब्द त्यांनी अक्षरशः घेतला होता.

मग करायचे काय? संस्थानांचा प्रश्न हा कारभाराचा प्रश्न म्हणून पाहावा, असे त्यांनी सुचवले. सार्वजनिक कामासाठी सरकार भरपाई देऊन खासगी जमीन संपादन करते, त्याच तत्त्वाने राजांना निवृत्तिवेतन देऊन त्यांचा मुलूख ताब्यात घ्यावा. त्या काळी हे बोलणे धाडसाचे होते. राजांशी इंग्रजांचे तहनामे पवित्र मानण्याची प्रथा होती आणि काँग्रेसही संस्थानांच्या अंतर्गत कारभारात जपून पाऊल टाकत होती. नऊ वर्षांच्या आत तनखे देऊन संस्थाने विलीन करण्याचा जो मार्ग वल्लभभाई पटेलांनी घेतला, त्याचा तात्त्विक आराखडा आंबेडकरांनी त्या दिवशी गोखले हॉलमध्ये मांडला होता.

फेडरेशन मात्र आलेच नाही. पैशाच्या आणि अधिकारांच्या वाटणीवरून संस्थानिक घासाघीस करत राहिले. जून १९३९ मध्ये मुंबईला जमून त्यांनी देऊ केलेल्या अटी नाकारल्या. सप्टेंबरात युद्ध सुरू झाले आणि ११ तारखेला व्हाइसरॉयने फेडरेशनची तयारी स्थगित केल्याचे जाहीर केले. एका अर्थी राजांच्या आडमुठेपणाने देशावर उपकार केले. सामीलनाम्यांवर १९३९ मध्येच सह्या झाल्या असत्या तर १९४७ साली त्या गाठी सोडवायला देशाला कितीतरी जास्त किंमत द्यावी लागली असती.

कमकुवत केंद्राचा मोह

युद्धाच्या वर्षांत प्रश्नाचे रूप पालटले. आता मुद्दा राजांपेक्षा पाकिस्तानचा झाला. गोखले संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी १९४५ साली ‘फेडरेटिंग इंडिया’ हे पुस्तक लिहिले. ते अर्थशास्त्रज्ञ, त्यांनी वस्ती, भाषा आणि आर्थिक भूगोल यांच्या अंगाने संघराज्याचा विचार मांडला. भाषा आणि समाज यांचे वेगळेपण मान्य करून त्यावर घटकांची रचना करावी, तरच संघ टिकेल, ही त्यांच्या विचाराची दिशा होती. दोन वर्षांनी त्यांनी याच प्रश्नावर आणखी एक पुस्तक लिहिले. आंबेडकरांचा भर केंद्राच्या बळावर, गाडगीळांचा भर घटकांच्या घडणीवर. दोघांचाही आग्रह एका गोष्टीवर होता: संघराज्याचा पाया लोकांत असावा.

१६ मे १९४६ ला कॅबिनेट मिशनने आपली योजना जाहीर केली. देश एक राहील, पण केंद्राकडे परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण एवढेच विषय राहतील. बाकी सारे प्रांत आणि त्यांचे गट यांच्याकडे. फाळणी टाळायची म्हणून काँग्रेसनेही इतके दुबळे केंद्र पत्करायची तयारी दाखवली. डिसेंबरात संविधान सभा भरली. १३ डिसेंबरला जवाहरलाल नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. त्यातही शेषाधिकार घटकांकडेच ठेवले होते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी उपसूचना दिली की मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी सभेत येईपर्यंत ठराव पुढे ढकलावा. सभेला ती रुचली नाही. १७ डिसेंबरला आंबेडकरांना बोलायला बोलावले गेले. त्यांनी जयकरांच्या सबुरीला पाठिंबा दिला आणि एक खंत बोलून दाखवली: १९३५ च्या कायद्याने निर्माण केलेल्या केंद्रापेक्षाही बलवान केंद्र आपल्याला हवे होते, आणि काँग्रेस आपणहून ते सोडून देत आहे.

काँग्रेसचे कट्टर टीकाकार म्हणून आलेल्या आंबेडकरांकडे सभागृहाने त्या दिवशी निराळ्या नजरेने पाहिले. पुढच्या वर्षी फाळणीमुळे त्यांची बंगालमधली जागा गेली, तेव्हा जयकरांच्या राजीनाम्याने रिकामी झालेली मुंबई प्रांताची जागा त्यांना मिळाली. जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

३ जून १९४७ ला फाळणीची योजना जाहीर झाली. ज्यांच्यासाठी केंद्र दुबळे ठेवायचे होते ते वेगळे होऊन गेले. संविधान सभेच्या समित्यांनी काही आठवड्यांत दिशा बदलली: संघराज्य, पण केंद्र बळकट, विषयांच्या तीन याद्या, आणि शेषाधिकार केंद्राकडे. दंगली, निर्वासित, अन्नटंचाई आणि पाचशेहून अधिक संस्थाने अशा संकटांत हा निर्णय घेतला गेला. त्या पिढीने केंद्राला दिलेले बळ सत्तेच्या हव्यासातून आले होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. देश हातातून निसटतो की काय, ही भीती त्यामागे होती.

दक्षिणी संस्थाने मिटतात

याच काळात पुण्याभोवतीचा नकाशा बदलत होता. जुलै १९४६ मध्ये काही दक्षिणी संस्थानिक पुण्यात गांधीजींना भेटले. आपण एकत्र येऊन एक संघ करावा, असा त्यांचा विचार होता. गांधीजींनी त्यांना आपल्या प्रजेला आणि प्रजा परिषदेच्या नेत्यांना विश्वासात घ्यायला सांगितले. १९४७ च्या अखेरीस काही संस्थानांनी असा संघ करून पाहिलाही. पण वारे फिरले होते. प्रजा परिषदेच्या कार्यकर्त्यांना लहान संस्थानांचा संघ नको होता. त्यांना मुंबई प्रांतात विलीनीकरण हवे होते. ८ मार्च १९४८ ला औंध, भोर, फलटण, सांगली, मिरज आदी दक्षिणी संस्थानांचा कारभार मुंबई सरकारने हाती घेतला. ७२ गावांना स्वराज्य देणारे औंधही त्यात गेले. १ मार्च १९४९ ला कोल्हापूरही विलीन झाले.

१९३५ च्या योजनेत राजाच्या सहीवर फेडरेशन उभे राहायचे होते. १९४८ मध्ये राजाच्या सहीने त्याचे राज्य संपले. मधल्या तेरा वर्षांत सहीचा अर्थ उलटला, त्याला संस्थानी प्रजेने चालवलेली चळवळ कारणीभूत होती. पटेल आणि त्यांच्या संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांच्या चातुर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण संस्थानांतल्या तुरुंगात गेलेले, हद्दपार झालेले, मोर्चांत लाठ्या खाल्लेले कार्यकर्ते नसते तर त्या चातुर्याला जमीन मिळाली नसती.

४ नोव्हेंबर १९४८

मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा सभेपुढे ठेवला. १९३९ चे भाषण शेजारी ठेवून हे भाषण वाचले की जुन्या प्रत्येक आक्षेपाला उत्तर सापडते.

पुण्यात त्यांनी सामाईक नागरिकत्वाचा अभाव दाखवला होता. इथे एकच नागरिकत्व होते: दोन पातळ्यांवर सरकारे, पण नागरिक एका भारताचा. अमेरिकेत केंद्र आणि राज्य यांची न्यायालये निराळी. इथे न्यायव्यवस्था एकसंध, मूलभूत कायद्यांत एकसारखेपणा, आणि महत्त्वाच्या जागांसाठी अखिल भारतीय सनदी सेवा. पुण्यात त्यांनी वाढू न शकणाऱ्या घटनेची भीती दाखवली होती. इथे त्यांनी लवचिकता हेच या संघराज्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले: नेहमीच्या काळात ते संघराज्यासारखे चालेल, युद्धाच्या काळात एकात्म राज्यासारखे. पुण्यात सामीलनाम्यांवर उभा असलेला संघ त्यांनी नाकारला होता. इथे त्यांनी भारत हा राज्यांचा संघ का, याचा खुलासा केला. तो घटकांच्या आपापसांतल्या करारातून जन्मलेला नाही, म्हणून कुठल्याही घटकाला फुटून निघण्याचा अधिकार नाही. कारभाराच्या सोयीसाठी राज्ये वेगळी असतील, पण देश एक आणि लोक एक.

सभेत सगळ्यांचे समाधान झाले नाही. के. टी. शहांनी संघराज्य हा शब्द पहिल्याच कलमात स्पष्ट घालावा अशी उपसूचना दिली; ती फेटाळली गेली. राज्यांना नगरपालिकांच्या पातळीवर आणले, अशी तक्रार शेवटपर्यंत होत राहिली. ऑगस्ट १९४९ मध्ये राज्य सरकार बरखास्त करून राष्ट्रपती राजवट आणण्याच्या तरतुदीवर तीव्र चर्चा झाली. हा अधिकार वापरावाच लागू नये, तो कागदावरच पडून राहावा, अशी आशा आंबेडकरांनी तेव्हा व्यक्त केली. २५ नोव्हेंबरच्या समारोपात त्यांनी टीकाकारांना उत्तर दिले: केंद्र आणि राज्य यांच्यात अधिकारांची वाटणी संविधानच करते, केंद्राने केलेला कायदा करत नाही, राज्ये आपल्या अधिकारासाठी केंद्राच्या मर्जीवर अवलंबून नाहीत, हेच संघराज्याचे मर्म. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारले गेले.

आंबेडकरांचे ते उत्तर कायद्याच्या दृष्टीने अचूक होते. पण राष्ट्रपती राजवटीबद्दलची त्यांची आशा पुढच्या दशकांत फळाला आली नाही. लोकांनी निवडलेली राज्य सरकारे वारंवार बरखास्त झाली. १९९४ साली बोम्मई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या अधिकारावर ठोस मर्यादा घातल्या, तोवर ४४ वर्षे गेली होती.

तिसरे कलम आणि महाराष्ट्र

या संविधानाची सर्वांत कठीण परीक्षा मराठी माणसाच्या बाबतीत झाली. तिसऱ्या कलमाने संसदेला राज्ये जोडण्याचा, तोडण्याचा, त्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार दिला. राज्याच्या विधिमंडळाचे मत अजमावायचे, पण त्याची संमती लागत नाही. अमेरिकेत असा अधिकार केंद्राला नाही. कमालीचे केंद्राच्या बाजूला झुकलेले असे हे कलम आहे. तरीही तेच कलम नसते तर भाषावार प्रांतरचना कुठल्या वाटेने झाली असती? मुंबई राज्याच्या विधिमंडळात गुजराती, मराठी, कानडी सभासदांचे एकमत होण्याची वाट पाहत बसावे लागले असते.

भाषावार प्रांतांच्या मागणीचा विचार करणाऱ्या धार आयोगापुढे १९४८ साली आंबेडकरांनी महाराष्ट्राच्या आणि मुंबईच्या बाजूने लेखी निवेदन दिले. मराठी भाषकांचे एक राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या युक्तिवादाला धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासाचा आधार होता. आयोगाने भाषावार रचना नाकारली. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने मुंबईसह मराठी राज्य द्यायचे नाकारले, तेव्हा संविधान सभेचे सभासद आणि नेहरूंचे माजी मंत्री असलेले पुण्याचे काकासाहेब गाडगीळ लोकसभेत आपल्याच पक्षाच्या सरकारला कठोर शब्दांत इशारा द्यायला उभे राहिले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली आणि मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाला. ६ फेब्रुवारीला पुण्यात टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. अध्यक्षस्थानी होते केशवराव जेधे. संविधानाच्या स्वीकारात त्यांचाही वाटा होता, कारण तेही संविधान सभेचे सभासद होते.

या दोघांचे वागणे मला फार महत्त्वाचे वाटते. बळकट केंद्र घडवणाऱ्या सभेत जे बसले होते, तेच केंद्राने लोकांचे ऐकले नाही तेव्हा त्याच्यासमोर उभे राहिले. त्यांनी संविधान नाकारले नाही, फुटून निघण्याची भाषा केली नाही. सभा, सत्याग्रह, निवडणूक ही साधने वापरली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीला भरभरून मते दिली, आणि त्या मतांनीच दिल्लीला आपला निर्णय बदलायला लावला. १ मे १९६० ला संसदेने त्याच तिसऱ्या कलमाखाली महाराष्ट्र घडवला. शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले होते. केंद्राने आधीच ऐकले असते तर ते वाचले असते.

कलमांपलीकडचे

२२ डिसेंबर १९५२ ला आंबेडकर पुण्याच्या जिल्हा लॉ लायब्ररीत वकिलांपुढे बोलले. लोकशाही यशस्वी व्हायला काय लागते, हा विषय होता. समाजात टोकाची विषमता नसावी, विरोधी पक्ष असावा, कायद्यापुढे आणि कारभारात समानता असावी, बहुमताने अल्पमतावर जुलूम करू नये, आणि संविधानिक नीती पाळली जावी, अशा अटी त्यांनी सांगितल्या. संविधानातली कलमे हा केवळ सांगाडा आहे, संविधानिक नीती हे त्याचे रक्तमांस, असे त्यांचे म्हणणे होते. मसुद्याचे शिल्पकारच सांगत होते की मसुद्याने काम भागत नाही.

केंद्र आणि राज्य यांच्यातले वाद आजही थांबलेले नाहीत: वस्तू व सेवा कराचा महसूल, राज्यपालांनी अडवून ठेवलेली विधेयके, लोकसभेच्या मतदारसंघांची फेररचना. या वादांत पक्ष आपापल्या सोयीने बाजू बदलतात. विरोधात असताना राज्यांची स्वायत्तता, सत्तेत असताना देशाची एकता. अशा वेळी १९३९ मध्ये गोखले हॉलमध्ये लावलेली कसोटी हाती घ्यावी, असे मला वाटते. एखाद्या व्यवस्थेत लोकांना विचारले आहे का, लोकांचे प्रतिनिधी लोकांनी निवडले आहेत का, लोकांना ती व्यवस्था पुढे बदलता येणार आहे का? या प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे असेल, तर ती व्यवस्था एकतेच्या नावाने आलेली असो वा स्वायत्ततेच्या नावाने, नागरिकाने तिला विरोध करावा. भारताचे संघराज्य राजांच्या सह्यांवर उभे राहिले नाही. ते लोकांच्या संमतीवर उभे आहे, आणि ती संमती केंद्राला प्रत्येक पिढीत नव्याने मिळवावी लागेल.